दोनशे छप्पन्नावी फेरी

गेल्या दिवाळीत चकलीच्या भाजणीवरून आमच्या घरात एक वाद झाला. वाद तसा क्षुल्लकच. आजीच्या वेळची धान्याची मापे आमच्या घरी अजून आहेत. पितळेचा शेर, त्याच्या निम्मे मापटे, मापट्याच्या निम्मे चिपटे, चिपट्याच्या निम्मे कोळवे. सर्वांत धाकटे निळवे मात्र कुठल्याशा स्थलांतरात हरवले. भाजणी मापट्याने मोजावी असे आमच्या मंडळींचे म्हणणे, तर खाणारी तोंडे आता पाचच, तेव्हा चिपटे पुरे, असे माझ्या बहिणीचे म्हणणे. बहिणीचा मुलगा पुण्याला नोकरी करतो. यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या गणकांसाठी तो आज्ञा लिहितो. तो बराच वेळ ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मामा, आमच्या ऑफिसात दिवसभर हाच वाद चालतो. मापटं घ्यायचं की चिपटं!"

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. पण त्याने कागद घेतला आणि निळवे एक धरून पुढची मापे मांडली. दोन निळव्यांचे कोळवे, चार निळव्यांचे चिपटे, आठांचे मापटे, सोळांचा शेर, बत्तिसांची अडशिरी आणि चौसष्टांची पायली. (मुलखामुलखाप्रमाणे मापे थोडी बदलत असत. मी आमच्या घरचा हिशेब देतो आहे.) "आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट. आमची चार मापं हीच," तो म्हणाला. पुढे सोळा पायल्यांचा मण आणि वीस मणांची खंडी. वीस हा आकडा पाहून त्याचा चेहरा थोडा पडला, कारण तेथे दुपटीचा नेम मोडतो.

त्या चार दिवसांत त्याने मला जे सांगितले आणि पुढे वर्षभर मी जे वाचीत गेलो, त्यातूनच हा लेख झाला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. यंत्रशास्त्राचा पंडित असल्याचा आव मी आणणार नाही. परंतु ही हकीकत केवळ पंडितांची नाही. तिच्यात एका माणसाचा जीव गेला आहे.

प्रथम ही मापे कशाची, ते समजून घेऊ. अंगणाच्या कठड्यावर आठ पणत्या ओळीने मांडा. प्रत्येक पणती एक तर पेटलेली असेल, नाही तर विझलेली. उजवीकडच्या पहिल्या पणतीची किंमत एक, दुसरीची दोन, तिसरीची चार, अशी दुप्पट करीत गेल्यास आठवीची किंमत १२८ होते. ज्या पेटल्या असतील त्यांच्या किमतींची बेरीज म्हणजे तुमची संख्या. सगळ्या विझलेल्या असल्या म्हणजे शून्य, सगळ्या पेटलेल्या असल्या म्हणजे २५५. आता या २५५ मध्ये एक मिळवा. हातचा पुढे ढकलीत ढकलीत आठही पणत्या विझतात आणि नववी पेटायला हवी. पण नववी पणती कठड्यावर नाहीच! मग काय उरते? अंधार. दोनशे पंचावन्न अधिक एक बरोबर शून्य. वर्गात हे उत्तर लिहिणाऱ्या पोराला मी छडी दाखवली असती. गणकयंत्र मात्र हेच उत्तर देते, आणि कठडा आठ पणत्यांचा असल्यामुळे ते उत्तर चूक आहे असेही म्हणता येत नाही.

या आठ पणत्यांच्या ओळीला बाइट म्हणतात. हे नाव १९५६ साली अमेरिकेतील आय.बी.एम. कंपनीच्या वर्नर बुखोल्झ या तंत्रज्ञाने पाडले. ज्या वर्षी आपल्या संसदेने मापटे-पायली मोडीत काढून किलोग्राम-लिटर आणण्याचा कायदा केला, तेच हे वर्ष. तिकडे दुपटीची मापे जन्माला येत होती आणि इकडे ती स्वयंपाकघरातून जात होती. आरंभी बाइट आठाचाच असे असा काही दंडक नव्हता. अनेक यंत्रांत एका अक्षराला सहाच पणत्या असत. सहांत आकृत्या होतात चौसष्ट. इंग्रजीची मोठी अक्षरे, अंक आणि विरामचिन्हे यांतच त्या संपत, लहान अक्षरांना जागा उरत नसे. १९६४ साली त्याच कंपनीने सिस्टिम-३६० ही यंत्रमालिका काढली, तेव्हा फ्रेड ब्रूक्स यांनी आठाचा आग्रह धरला आणि पुढे जगाने तोच उचलला. या आठांत आपल्या देवनागरीचीही पुढे एकदा सोय लावली गेली होती. आज मात्र प्रचलित पद्धतीत इंग्रजीच्या एका अक्षराला एक बाइट लागतो, तर आपल्या 'क'ला तीन. माझी कादंबरी कोणी वाचो न वाचो, यंत्रात ती तेवढ्याच लांबीच्या इंग्रजी कादंबरीच्या जवळजवळ तिप्पट जागा अडवून बसते, एवढे समाधान मला आहे.

आता न्यू जर्सीतील मरे हिल या गावी चलू. तेथे बेल टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होती. १९६९ साली केन टॉम्प्सन या तरुणाने एका जुनाट, अडगळीतल्या पीडीपी-७ नावाच्या यंत्रावर युनिक्स या व्यवस्थेचा पाया घातला. त्या यंत्रात एकच माप होते, अठरा पणत्यांचे, आणि तशी मापे होती अवघी आठ हजारांच्या घरात. टॉम्प्सनने त्यासाठी 'बी' नावाची भाषा तयार केली. तीतही एकच माप. अक्षर असो, आकडा असो, की दुसऱ्या जागेचा पत्ता असो, सगळे एकाच आकाराच्या डब्यात. ज्या घरात एकच डबा असतो तेथे डबा निवडण्याचा प्रश्न पडत नाही.

१९७० साली त्यांच्याकडे पीडीपी-११ आले आणि प्रश्न पडू लागला. हे यंत्र सोळांचे, पण त्यातल्या आठ-आठ पणत्यांच्या प्रत्येक ओळीला स्वतंत्र पत्ता होता. म्हणजे मापटे निराळे उचलता येत होते. 'बी' भाषेला हे माहीतच नव्हते. अक्षरांवर काम करायचे म्हणजे ती मोठ्या डब्यांत सुटी पसरायची आणि काम झाले की पुन्हा कोंबून ठेवायची. पत्त्यांचा हिशेब ती शेरांत करी आणि यंत्र मापट्यांत करी, त्यामुळे क्षणोक्षणी रूपांतर करावे लागे. आणि जागा तरी किती होती? पहिल्या यंत्रात चोवीस हजार बाइटांच्या घरात. त्यांतले सोळा हजार व्यवस्थेला आणि उरलेले आठ हजार इतर सर्वांना. आज एका साध्या छायाचित्राला याच्या शेकडो पट जागा लागते. त्या चोवीस हजारांत त्या प्रयोगशाळेच्या पेटंट खात्याच्या टंकलेखनाचे काम चालत असे! दारिद्र्यात संसार नेटका होतो म्हणतात, ते येथे तरी खरे ठरले.

टॉम्प्सनचा सहकारी डेनिस रिची याने १९७१ पासून 'बी' भाषेत मापे घालायला सुरुवात केली. अक्षरासाठी लहान माप, पूर्णांकासाठी मोठे माप, आणि कोणत्या नावाखाली कोणते माप आहे हे आधी जाहीर करण्याची सक्ती. यातून 'सी' भाषा झाली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा तीत पुन्हा लिहिला गेला. रिचीने एक गोष्ट मोठ्या मोकळ्या मनाने ठेवली. साध्या पूर्णांकाचे माप किती, हे भाषेने ठरवायचे नाही. ज्या यंत्रावर काम चालले असेल त्याला जे सहज पेलते ते. सोळांच्या यंत्रावर सोळा, बत्तिसांच्या यंत्रावर बत्तीस. यंत्राला जे माप स्वाभाविक, त्यातच ते सर्वांत जलद चालते, हा त्यामागचा विचार. विचार शहाणपणाचा होता. त्याचे भोग पुढे आले.

हे भोग सर्वांत जास्त भोगले ते 'ड्रायव्हर' लिहिणाऱ्यांनी. हा ड्रायव्हर म्हणजे एस.टी.चा नव्हे. गणकयंत्राला छपाईयंत्र, तबकडी, कळफलक अशी नाना उपकरणे जोडलेली असतात. त्या प्रत्येक उपकरणाची बोली निराळी. ती बोली जाणणारा आज्ञांचा जो लहानसा संच असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. पीडीपी-११मध्ये एक गंमत होती. प्रत्येक उपकरणाचे दोन-चार कप्पे स्मरणातल्या पत्त्यांसारखेच दिसत. अमुक पत्त्यावर लिहिले की अक्षर कागदावर छापले जाई, तमुक पत्त्यावरून वाचले की कळफलकावर दाबलेली कळ हाती येई.

त्यातली एक युक्ती भाच्याने मला चवीने सांगितली, ती मी वाचकांपासून लपवून ठेवू शकत नाही. टंकयंत्राच्या स्थितिदर्शक कप्प्यात आठवी पणती पेटली की समजायचे, स्वारी तयार आहे. आठवीच का? सातवी का नाही? तर ऋण संख्या लिहिण्याची रीत अशी आहे की, मापाची शेवटची पणती पेटलेली असली म्हणजे संख्या ऋण. तेव्हा हा कप्पा आठ पणत्यांच्या मापाने पाहिला तर 'स्वारी तयार' आणि 'संख्या ऋण' या दोन्ही गोष्टी एकच होतात, आणि संख्या ऋण आहे काय हा प्रश्न यंत्राला एका आज्ञेत विचारता येतो. कित्येक उपकरणांत सोळावी पणती बिघाड दाखवणारी असे. तोच कप्पा सोळांच्या मापाने पाहिला की तोच प्रश्न बिघाडाविषयी होतो. कप्पा एकच. कोणते माप लावून पाहता, त्यावर उत्तर ठरते. लोखंड बनवणाऱ्यांनी आणि आज्ञा लिहिणाऱ्यांनी एका पंगतीला बसून हे ठरवलेले असावे, असा सुबकपणा त्यात आहे.

आता मला वाटे, जागा वाचवायची तर लहान माप घ्यावे, हे सांगायला शास्त्र कशाला हवे? या समजुतीला तडा दिला तो आल्फा या यंत्राने. पीडीपी-११ बनवणाऱ्या डिजिटल कंपनीनेच ते १९९२ साली काढले. त्याचे स्वाभाविक माप चौसष्ट, म्हणजे आमची पायली. वेगासाठी त्यांनी एक धाडस केले. आठांचे किंवा सोळांचे माप स्मरणातून सुटे उचलण्याची आज्ञाच त्यांनी ठेवली नाही. एक बाइट बदलायचा तर सबंध मोठे माप उचलायचे, त्यातला नेमका भाग पुसायचा, नवा बसवायचा आणि सगळे पुन्हा जागेवर ठेवायचे. पायलीभर तांदूळ परातीत ओतून त्यातले मापटेभर बदलायचे आणि पायली पुन्हा भरायची, तसा हा प्रकार. काटकसर म्हणून लहान माप घेणाऱ्याला उलट भुर्दंड!

उपकरणांच्या बाबतीत तर याहून बिकट. स्मरणातला शेजारचा कप्पा विनाकारण वाचला तर काही बिघडत नाही. उपकरणाचे तसे नाही. कित्येक उपकरणे कप्पा वाचला गेला की समजतात, माल पोचला, आता पुढचा पाठवावा. शेजाऱ्याचे दार चुकून वाजवले तरी तो बाहेर येतोच. म्हणून आल्फाच्या यंत्रांत उपकरणांचे पत्ते विरळ पसरून मांडण्याची खटपट करावी लागली. अखेर १९९६ साली कंपनीने बाइट उचलण्याच्या आज्ञा त्या यंत्रात घातल्या. चार वर्षांत हट्ट सुटला. आमच्याकडे याहून लहान हट्ट पिढ्यान् पिढ्या चालतात.

याच सुमारास लिनक्स ही व्यवस्था आपल्या जन्मस्थानाबाहेर पडत होती. लिनस टोरवाल्ड्स या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती बत्तिसांच्या यंत्रासाठी लिहिली होती. ती आल्फावर नेताना रिचीच्या त्या मोकळ्या मापाचा प्रश्न उभा राहिला. ज्या मापाला सी भाषेत 'लाँग' म्हणतात ते जुन्या यंत्रावर बत्तीस होते, येथे चौसष्ट झाले. उपकरणाचा कप्पा मात्र बत्तिसांचाच! तो कारखान्यात तयार झाला तेव्हाच ठरला. तेव्हा ड्रायव्हर लिहिणाऱ्यांसाठी 'यू-८', 'यू-१६', 'यू-३२', 'यू-६४' अशी ज्यांच्या नावातच आकार आहे अशी मापे वापरण्याचा प्रघात पडला. १९९९ साली सी भाषेच्या प्रमाण नियमांतही अशी मापे आली. तेथे तर तीन तऱ्हा आहेत. नेमके आठ, निदान आठ, आणि निदान आठ पण या यंत्रावर जे सर्वांत जलद ते. वाण्याकडे 'शेरभर दे', 'शेराला कमी नको' आणि 'शेरभर तरी दे, पण जे भांडे हाताशी असेल त्याने लवकर दे' असे तीन प्रकारे मागावे, तसे हे.

भाच्याला मी विचारले, "मग तू कोणतं माप घेतोस?" तो म्हणाला, "मामा, उपकरणाच्या दारात उभा असलो की उपकरण सांगेल ते, नेमकं. माझ्या स्वतःच्या बेरजा-मोजणीला यंत्राला सोयीचं असेल ते. आणि एकाच जातीच्या लाखो वस्तू साठवायच्या असतील तरच लहान. तिथं खरी बचत होते. एका सुट्या आकड्यासाठी लहान माप घेऊन काही वाचत नाही. उलट बऱ्याच यंत्रांवर जादा पणत्या पुसायची आज्ञा वाढते." मग थोडे थांबून म्हणाला, "आणि लहान घेतलं तर ते भरून वाहील तेव्हा काय होईल, हे आधी लिहून काढतो." हे शेवटचे तो जरा निराळ्या स्वरात म्हणाला. मी कारण विचारले. तेव्हा त्याने मला थेरॅक-२५ची हकीकत सांगितली.

कॅनडाच्या ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या संस्थेने कर्करोगावर किरणोपचार करण्यासाठी हे यंत्र बनवले होते. अमेरिका आणि कॅनडा मिळून अशी अकरा यंत्रे बसवण्यात आली. यंत्राचा सारा कारभार एका गणकाकडे होता आणि तो गणक होता पीडीपी-११. आधीच्या थेरॅक-२० या यंत्रात चुकीचा झोत रोखायला स्वतंत्र विद्युत्-अडसर होते. गणक चुकला तरी अडसर पडे. नव्या यंत्रात ते काढून टाकले आणि त्यांचे काम गणकाच्या आज्ञांवर सोपवले. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्रांवर सहा रोग्यांना भयंकर मात्रा बसल्या. पहिल्या काही अपघातांनंतर यंत्र असे करूच शकत नाही, असे बनवणाऱ्यांचे उत्तर होते.

यंत्रात एक फिरती तबकडी होती. तिच्या एका जागी इलेक्ट्रॉनांच्या उपचाराचे साहित्य, दुसऱ्या जागी क्ष-किरणांचे लक्ष्य आणि गाळणी, तिसऱ्या जागी नुसता आरसा. आरसा कशाला? तर रोग्याला नीट निजवताना झोत कोठे पडेल ते साध्या दिव्याच्या उजेडात पाहावे म्हणून. क्ष-किरणांसाठी इलेक्ट्रॉनांचा झोत अतिशय तीव्र लागतो, कारण तो लक्ष्यावर आपटून, गाळणीतून जाऊन सौम्य होतो. तबकडी आरशाच्या जागी असताना तो तीव्र झोत सुटला, तर मध्ये काहीच नाही. मात्रा मोजणारे साधनही त्या जागी नसते.

असे होऊ नये म्हणून गणकाच्या आज्ञांत एक तपासणी होती. पूर्वतयारी चालू असताना आज्ञांचा एक गट पुन्हा पुन्हा, एका तयारीत शेकडो वेळा, फिरत असे. प्रत्येक फेरीत तो एका खुणेच्या मापात एक मिळवी. त्या मापाचे नाव 'क्लास-३'. ते शून्य नसेल तर तबकडी जागेवर आहे की नाही हे तपासायचे. शून्य असेल तर तपासणीची गरज नाही असे समजायचे. खूण एवढ्यासाठीच होती. तेथे कोणताही एक ठरीव आकडा लिहून ठेवला असता तरी चालले असते. पण पीडीपी-११वर 'एक वाढव' ही आज्ञा 'हा आकडा लिही' या आज्ञेपेक्षा आखूड असते, आणि अशा काटकसरीची सवय त्या पिढीच्या हाडीमासी होती. ते माप एका बाइटचे होते. आठ पणत्या.

म्हणजे प्रत्येक दोनशे छप्पन्नाव्या फेरीत आठही पणत्या विझत. त्या एका फेरीपुरते माप शून्य होई आणि तपासणी टळे. पुढच्या फेरीत पुन्हा एक, पुन्हा सगळे ठीक. डोळ्याचे पाते लवावे तेवढाच तो काळ.

१७ जानेवारी १९८७ या दिवशी वॉशिंग्टन राज्यातील याकिमा या गावच्या रुग्णालयात एक रोगी उपचारासाठी आला. प्रथम दोन लहान छायाचित्रांसाठी चार आणि तीन रॅड, मग एकोणऐंशी रॅडचा उपचार, असा एकूण शहाऐंशी रॅडचा बेत होता. छायाचित्रे झाली. यंत्र चालवणारे खोलीत गेले, हातातल्या नियंत्रकाने तबकडी आरशाच्या जागी नेली आणि रोग्याची स्थिती तपासली. मग 'ठरले' अशी कळ दाबली गेली. ती दाबली जाण्याचा क्षण आणि त्या मापाच्या शून्याचा क्षण एकच ठरला. बाहेर पडद्यावर झोत तयार असल्याचे आले. चालकाने आज्ञा दिली. पाच-सहा सेकंदांत यंत्र थबकले. यंत्राला असे थबकण्याची सवय होती, म्हणून चालकाने पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. ते पुन्हा थांबले. पडद्यावर एकूण मात्रा सात रॅड दिसत होती, म्हणजे फक्त छायाचित्रांची. ध्वनिक्षेपकावर रोग्याचा आवाज ऐकू आला. आत गेल्यावर तो म्हणाला की छातीत जळते आहे.

नंतरच्या अंदाजाप्रमाणे त्याला आठ ते दहा हजार रॅड बसले होते. तो आधीच असाध्य कर्करोगाने आजारी होता. तरी त्या एप्रिलमध्ये त्याचा जो अंत झाला, तो या मात्रेच्या परिणामांनी झाला.

दुरुस्ती काय केली? 'एक वाढव' याच्या जागी 'हा ठरीव आकडा लिही' असे केले. एका ओळीची दुरुस्ती. या सहाही अपघातांचा सविस्तर शोध नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली प्रसिद्ध केला. साऱ्याला एकच चूक कारण झाली असे मानू नये, हे त्यांनी बजावून सांगितले आहे आणि मला ते पटते. टेक्सासमधील टायलर येथील अपघातांना निराळी चूक कारणीभूत होती. त्या आठ पणत्यांनी कोणाला मारले नाही. अडसर काढले माणसांनी. रोगी सांगत होते ते ऐकले नाही तेही माणसांनी. तरीसुद्धा रात्री दिवा मालवताना माझ्या मनात ती दोनशे छप्पन्नावी फेरी येते, हे मी नाकबूल करणार नाही.

मापात न मावण्याचा एक किरकोळ अनुभव माझ्याही पदरी आहे. एका जुन्या शाळेत सर्वसाधारण नोंदवही गणकयंत्रात घातली, तेव्हा नोंदणी क्रमांकाला चार आकड्यांची जागा ठेवली होती. दहा हजारावा विद्यार्थी येईल हे कोणाच्या ध्यानी आले नाही. तो आला आणि त्याच्या दाखल्यावर क्रमांक छापला गेला चार शून्ये! पुढच्या शाळेने तो दाखला परत पाठवला. त्या पोराच्या बापाने एका दाखल्यासाठी तीन खेपा घातल्या, दर खेपेला मजुरी बुडवून. शेवटी मी हाताने दाखला लिहिला. शाईला चार आकड्यांची मर्यादा नसते.

मोठ्या माणसांच्या हातूनही हेच होते. ४ जून १९९६ रोजी दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानामध्ये कुरू येथून युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण पहिल्यांदाच उडाले आणि चाळीस सेकंदांच्या आत तुकडे होऊन कोसळले. त्यावर क्लस्टर नावाचे चार शास्त्रीय उपग्रह होते. दिशा सांगणाऱ्या गणकात आडव्या वेगाशी निगडित एक आकडा चौसष्टांच्या मापातून सोळांच्या मापात ओतला जात होता. सोळांतली एक पणती धन-ऋणाच्या खुणेला गेली की त्यात जास्तीत जास्त ३२,७६७ मावतात. आकडा त्याहून मोठा निघाला. ते गणित एरियान-४ या जुन्या बाणासाठी लिहिलेले होते. नवा बाण त्याहून कितीतरी वेगाने आडवा होत होता.

यात मला सर्वांत बोचणारी गोष्ट निराळीच वाटते. असे सात आकडे धोक्याचे आहेत हे लिहिणाऱ्यांना माहीत होते! त्यांनी चारांना संरक्षण दिले आणि तीन तसेच ठेवले. कारण गणकावरचा भार ऐंशी टक्क्यांपलीकडे जाऊ द्यायचा नाही असा नेम होता, आणि हे तीन आकडे मोठे होणारच नाहीत अशी खात्री. जुन्या बाणाच्या बाबतीत ती खात्री बरोबरही होती. राखीव गणक होता, पण त्यातही तेच गणित. तो आधी बंद पडला आणि ७२ सहस्रांश सेकंदांत मुख्यही पडला. आणि ज्या गणितात हे घडले, त्याचा उड्डाणानंतर या बाणाला काहीच उपयोग नव्हता. जाक-लुई लिऑन्स यांच्या समितीने दीड महिन्यातच हा सगळा अहवाल सादर केला. तसेच उपग्रह पुन्हा बांधून २००० साली रशियन बाणांनी वर पाठवण्यात आले.

राहता राहिला एक हिशेब, जो अजून पुरा व्हायचा आहे. युनिक्समध्ये काळ मोजण्यासाठी बत्तीस पणत्या ठेवल्या होत्या. आरंभी तर सेकंदाचा साठावा भाग हे एकक होते, त्यामुळे सव्वादोन वर्षांतच माप भरून जाई. पुढे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजण्याचे ठरले. एक पणती खुणेला गेली, तर २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ सेकंद मावतात. ते १९ जानेवारी २०३८ रोजी संपतील. भारतीय वेळेप्रमाणे सकाळचे आठ वाजून चव्वेचाळीस मिनिटे सात सेकंद झालेले असतील. वार मंगळवार. त्यापुढच्या सेकंदाला ज्या यंत्रांत अजून जुने माप असेल, ती यंत्रे १९०१ सालच्या डिसेंबरात जाऊन बसतील. नव्या यंत्रांत हे माप चौसष्टांचे झाले आहे आणि बत्तिसांच्या जुन्या यंत्रांसाठीही लिनक्सने २०२० साली तशी सोय केली. भाचा म्हणतो, काळजी मोठ्या यंत्रांची नाही. भिंतीत चिणलेली, पंपाला जोडलेली, कोणाच्या लक्षातही नसलेली जी लहान लहान यंत्रे आहेत, त्यांची आहे. त्यांतली काही त्याने स्वतः लिहिली आहेत. कोणती, याची यादी तो गेले वर्षभर करतो आहे.

भाजणीचे मात्र मापटेच घेतले. चकल्या तुळशीच्या लग्नापर्यंत पुरल्या.